दुबईला माल आणि सेवा: सेपाची सवलत नेमकी कुणाला मिळते, कशी मिळते आणि कुठे अडते

गोदीकाठ

"सेपा झाल्यापासून दुबईला ड्युटी लागत नाही" हे वाक्य व्यापाऱ्यांच्या ग्रुपांवर रोज फिरतं. त्यातलं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यापायी माल दुबईच्या जबेल अली बंदरात अडकतो आणि भाव ठरवताना पैसेही सुटतात. म्हणून या धाग्यात एकाच जागी नीट लिहून ठेवू. ज्याला जे पक्कं माहीत आहे त्याने भर घालावी.

भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांचा सर्वंकष आर्थिक भागीदारी करार, म्हणजे सेपा, १८ फेब्रुवारी २०२२ रोजी झाला आणि १ मे २०२२ पासून लागू आहे. अमिरातीने आपल्या सुमारे ९७ टक्के टॅरिफ ओळींवर (ड्युटीच्या यादीतल्या मालाच्या नोंदींवर) सवलत दिली. काही ओळी पहिल्या दिवसापासून शून्य झाल्या, काही टप्प्याटप्प्याने शून्य होणार आहेत, आणि थोड्या यादीबाहेर आहेत. तुमचा माल यांतल्या कुठल्या खान्यात बसतो हे एचएस कोडवरून (मालाच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावरून) ठरतं, मालाच्या नावावरून नाही.

आता मुळातली गोष्ट. आखाती देशांची सामायिक ड्युटी बहुतेक मालावर ५ टक्केच आहे, म्हणजे सेपाने वाचतात ते हेच पाच टक्के. ते आपोआप वाचत नाहीत. त्यासाठी सेपाच्या नमुन्यातलं उत्पत्ती प्रमाणपत्र लागतं. चेंबरकडून मिळणारं साधं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन इथे चालत नाही. हा गोंधळ सर्वांत जास्त होतो, कारण दोन्ही कागदांना लोक "सीओओ" म्हणतात.

व्हॅटही वेगळा समजून घ्या. अमिरातीत १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे आणि त्याला सेपा हात लावत नाही. मालाची सीआयएफ किंमत (विमा आणि जहाजभाडं धरून) १,००,००० दिऱ्हाम धरा. सेपा नसेल तर ड्युटी ५,००० आणि १,०५,००० वर व्हॅट ५,२५०. सेपा असेल तर ड्युटी शून्य, व्हॅट ५,०००. बायर व्हॅटसाठी नोंदणीकृत असला तर व्हॅट त्याला वळता करून घेता येतो, त्यामुळे खरी बचत ५,००० दिऱ्हाम. तरीही "तुमच्या करारानंतरसुद्धा पाच टक्के भरावे लागले" म्हणणारा बायर भेटतोच. त्याने भरले ते व्हॅटचे की ड्युटीचे, हे त्याच्याकडून बिल ऑफ एन्ट्रीची (कस्टम्समधल्या आयात नोंदीची) प्रत मागवून बघा.

नवनिर्यात

उत्तम धागा. एक प्रश्न आहे. हे पाच टक्के वाचतात ते बायरचे. मग कागद काढायचा खटाटोप आम्ही कशासाठी करायचा?

गोदीकाठ

भाव ठरवण्यासाठी. ड्युटी भरतो बायर, पण सवलतीची किल्ली निर्यातदाराच्या हातात आहे, कारण प्रमाणपत्र भारतातूनच निघतं. चीन किंवा तुर्कस्तानचा तसाच माल त्याला पाच टक्के ड्युटी भरून पडत असेल, तर तुमचा माल तेवढाच भाव ठेवूनही त्याला स्वस्त पडतो. हे बोलणी चालू असतानाच मांडायला हवं. करार झाल्यावर "बरं, ते सर्टिफिकेट पण पाठवा" असं बायर सहज म्हणून जातो, आणि तोवर सगळी सवलत त्याच्याकडे गेलेली असते. कोटेशनमध्ये दोन ओळी लिहा, प्रमाणपत्रासह भाव इतका आणि त्याशिवाय इतका. निम्मी सवलत भावात मिळाली तरी वर्षाच्या उलाढालीत ती मोठी रक्कम होते.

मूळगाव

उत्पत्तीच्या नियमांबद्दल लिहितो. इथली चूक सर्वांत महागात पडते.

पूर्ण भारतात पिकलेला किंवा काढलेला माल, म्हणजे हळद, तांदूळ, फळं, दगड, यात अडचण नसते. अडचण येते परदेशी कच्चा माल वापरून बनवलेल्या वस्तूला. प्रत्येक एचएस ओळीसाठी नियम ठरलेला आहे. अनेक ओळींना दोन अटी आहेत: कच्च्या मालाचा आणि पक्क्या मालाचा सहा अंकी कोड वेगळा हवा, आणि भारतात झालेली मूल्यवृद्धी किमान ४० टक्के हवी. तुमच्या ओळीचा नियम कराराच्या परिशिष्टातूनच वाचा. शेजारच्या कारखान्याला जो लागू आहे तो तुम्हाला लागू असेलच असं नाही.

हिशेब असा. प्लास्टिकचे डबे आहेत, एफओबी किंमत (जहाजावर चढेपर्यंतची) १०० रुपये, त्यात कोरियाहून आणलेले दाणे ५५ रुपयांचे. भारतातला वाटा ४५, म्हणजे पास. सहा महिन्यांनी दाण्यांचा भाव चढून ६२ झाला आणि विक्रीचा भाव तोच राहिला, तर वाटा ३८ वर येतो आणि तोच डबा, त्याच साच्यातला, नापास होतो. लोक पहिल्या खेपेला हिशेब करतात आणि वर्षभर तोच कागद जोडत राहतात. रुपया घसरला तरी असंच होतं, कारण परदेशी मालाची रुपयातली किंमत वाढते. ४०च्या जवळ असाल तर दर खेपेला हिशेब नव्याने करा आणि फाइलला लावा.

आणखी एक. देशातल्याच व्यापाऱ्याकडून घेतलेला कच्चा माल "भारतीय" ठरत नाही. तो कुठे बनला याचा पुरावा हवा. नसेल तर तो परदेशी धरूनच हिशेब करा.

प्रमाणपत्राचा अर्ज परकीय व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर करायचा. डिजिटल स्वाक्षरी लागते. शिपिंग बिल (कस्टम्समधली निर्यात नोंद), इनव्हॉइस आणि अर्ज या तिन्हींत एचएस कोड, नग, निव्वळ वजन आणि इनव्हॉइस क्रमांक तंतोतंत सारखे हवेत. "किलो" आणि "कार्टन" अशी एककं वेगवेगळी पडली तरी तिकडचा अधिकारी शंका घेतो. प्रमाणपत्र १२ महिने चालतं. जहाज सुटल्यावरही ते काढता येतं, पण मग त्यावर तसा शेरा पडतो. शक्यतो आधीच काढा.

कोडबद्दल शेवटचं: आपले आठ अंक आणि त्यांचे आठ अंक यांतले फक्त पहिले सहा समान असतात. २०२५ पासून आखाती देश बारा अंकी टॅरिफवर जात आहेत. बायरकडून त्याचा पूर्ण कोड आधीच मागवा आणि पहिले सहा अंक जुळतात का ते बघा. जुळत नसतील तर माल लोड करण्याआधी वाद मिटवा.

केळीबाग

फळांबद्दल स्पष्ट लिहितो, कारण शेतकरी कंपन्यांचा इथे हमखास गैरसमज होतो. ताजी फळं आणि भाज्यांच्या बहुतेक ओळींवर अमिरातीची ड्युटी सेपाच्या आधीपासूनच शून्य होती. त्यामुळे केळी, द्राक्षं, कांदा यांना या करारातून ड्युटीचा फायदा जवळजवळ नाही. तिथे पैसा मिळतो तो तापमान, प्रत आणि वेळ सांभाळण्यातून.

करमाळा-टेंभुर्णी पट्ट्यातून आणि जळगावहून आखातात केळी जाते ती ४० फुटी रीफरमध्ये, म्हणजे शीत कंटेनरमध्ये. १३ किलोचे १,५४० बॉक्स, म्हणजे साधारण २० टन. सेटिंग १३.५ अंश सेल्सिअसच्या आसपास. त्याच्या खाली गेलं की सालीखाली तपकिरी रेषा येतात, आणि पिकल्यावर केळं पिवळंधमक न होता राखट दिसतं. गर ठीक असतो, पण सुपरमार्केट ते घेत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गरम माल भरणं. रीफरचं काम तापमान टिकवण्याचं आहे, वीस टन तापलेला माल गार करण्याचं नाही. एप्रिलमध्ये शेतातून ३५ अंशाचा गर घेऊन बॉक्स थेट कंटेनरात गेले, तर बाहेरच्या पाटीवर १३.५ दिसतं आणि मधल्या रांगेतलं केळं आतल्या आत पिकायला लागतं. एक घड पिकला की त्याचा इथिलीन शेजारच्यांना पिकवतो. म्हणून प्रीकूलिंग करून गराचं तापमान १४ च्या जवळ आल्यावरच भरा. मोजताना हवेचं तापमान धरू नका. सुई फळात खुपसून बघा, आणि दाराजवळचे बॉक्स सोडून आतले तपासा. कंटेनरचा व्हेंट (हवा खेळण्याची झडप) थोडा उघडा ठेवायचा, बंद ठेवला तर वायू साचतो.

पॅकहाऊसमध्ये फण्या कापल्यावर चीक गळू द्या. घाईने बॉक्स भरला की चिकाचे डाग सालीवर बसतात आणि प्रत घसरते. धुण्याच्या पाण्यात तुरटी घालतात ती याचसाठी. पाणी दिवसभर तेच ठेवलं तर दांड्याची कुज मात्र वाढते. घड फार तयार कापू नका, साधारण ७५ टक्के भरलेला हवा. न्हावा शेवा ते जबेल अली हा समुद्रप्रवास चार-पाच दिवसांचाच असतो, पण बागेतून निघाल्यापासून बायरच्या पिकवणी खोलीपर्यंत दहा-बारा दिवस सहज जातात. हिशेब त्या बारा दिवसांचा करा.

लाकडी पॅलेट वापरलं तर ते उष्णता प्रक्रिया केलेलं आणि शिक्का मारलेलं हवं. गाभ्याला ५६ अंश, ३० मिनिटं. शिक्का पुसट असला तरी माल अडतो.

आकडेमोड

दोन्ही बाजूंचे आकडे समोर ठेवले की बोलणं नेमकं होतं. २०२१-२२ मध्ये दोन देशांचा मालाचा व्यापार सुमारे ७३ अब्ज डॉलर होता. २०२४-२५ मध्ये तो १०० अब्ज डॉलरवर गेला. त्यात आपली निर्यात ३६.६ अब्ज आणि आयात ६३.४ अब्ज. पाच वर्षांत १०० अब्ज हे कराराचं उद्दिष्ट वेळेआधी गाठलं गेलं असं यावरून म्हणतात. ते खरं आहे, पण आत काय आहे ते पाहायला हवं. आयातीत कच्चं तेल, एलपीजी आणि सोन्याचा वाटा प्रचंड आहे. तेल-सोन्याचा भाव हलला की एकूण आकडा काही अब्जांनी वरखाली होतो, मग मधल्या कारखानदाराची निर्यात वाढलेली असो वा नसो. निर्यातीत पेट्रोलियम उत्पादनं, दागिने आणि स्मार्टफोन पुढे आहेत. या देशाशी तूट दिसते ती मुख्यतः तेलाची आहे. ते तेल इथे शुद्ध होऊन परत निर्यात होतं, अमिरातीलाही होतं. म्हणून एकट्या तुटीच्या आकड्यावरून करार तोट्याचा ठरवणं चूक आहे.

सोन्याबद्दल: सेपात वर्षाला २०० टनांपर्यंत वाढत जाणारा कोटा आहे आणि त्यावर सामान्य दरापेक्षा एक टक्का कमी ड्युटी. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्याची ड्युटी १५ वरून ६ टक्के झाली, तेव्हा सेपाचं सोनं ५ टक्क्यांवर आलं. याउलट आपल्या दागिन्यांवर तिकडे असलेले ५ टक्के एकदम शून्य झाले. या कराराचा सर्वांत थेट फायदा कुणाला झाला असेल तर मुंबई-सुरतच्या दागिने उद्योगाला.

कांदाचाळ

कांद्याचं उदाहरण घेतल्याशिवाय ही चर्चा अपुरी आहे. कांद्याला अडवलं ते आपल्याच धोरणाने. तिकडची ड्युटी कधी आड आलीच नाही. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. मार्च २०२४ मध्ये अमिरातीसाठी १४,४०० टनांना परवानगी मिळाली, तीही तिमाहीला ३,६०० टन आणि फक्त एनसीईएल या सहकारी निर्यात संस्थेमार्फत. एप्रिलमध्ये आणखी १०,००० टन. ४ मे रोजी बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावून. सप्टेंबरमध्ये किमान भावाची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ ला तेही उठलं.

दुबईतला घाऊक व्यापारी सोळा महिन्यांत इतक्या वेळा नियम बदलताना पाहतो आणि पाकिस्तान, इजिप्तचा माल नियमित घेऊ लागतो. ते गिऱ्हाईक परत आणायला लासलगावच्या माणसाला भाव पाडावा लागतो. करारात समोरच्या देशाची दारं उघडून घ्यायची आणि आपल्याच बाजूचं दार असं अचानक लावायचं, याची किंमत शेतकऱ्याने मोजली आहे, हे मला ठामपणे नोंदवायचं आहे.

व्यवहारात यावर एकच उपाय: वर्षभराच्या पुरवठ्याचा करार करताना सरकारी बंदी, किमान भाव आणि निर्यात शुल्क यांचं कलम वेगळं घाला. "नैसर्गिक आपत्ती" या मोघम शब्दांत शुल्कवाढ बसत नाही. शुल्क वाढलं तर ते कुणी भरायचं, रस्त्यात असलेल्या मालाचं काय, दोन्ही लिहून घ्या.

सेवादार

सगळी चर्चा मालावर चालली आहे, म्हणून सेवांबद्दल लिहितो. करारात अमिरातीने १११ उपक्षेत्रं भारतीय सेवा पुरवठादारांसाठी खुली केली आहेत. पण खुलं म्हणजे परवाना माफ नव्हे. डॉक्टर-परिचारिकांना दुबईत डीएचए (तिथलं आरोग्य प्राधिकरण), अबू धाबीत डीओएच (तिथला आरोग्य विभाग) आणि उरलेल्या अमिरातींत आरोग्य मंत्रालय अशा वेगवेगळ्या मान्यता लागतात. पदवीची साखळी तर चुकवताच येत नाही: आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग आपलं परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास, शेवटी तिकडचं परराष्ट्र मंत्रालय. पदवीवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यांत वडिलांच्या नावाचा फरक असतो, आपल्याकडे हे फार होतं, आणि तिथेच फाइल परत येते. साखळी सुरू करण्याआधी नाव दुरुस्त करून घ्या.

पुण्यात बसून दुबईच्या कंपनीला सॉफ्टवेअर, डिझाइन, हिशेबाची सेवा देणाऱ्यांसाठी जीएसटीचा भाग महत्त्वाचा आहे. सेवा निर्यात ठरायला पाच अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात: देणारा भारतात, घेणारा बाहेर, सेवेचं पुरवठा-स्थळ बाहेर, पैसे परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेची मुभा असेल तिथे रुपयात, आणि दोघं एकाच संस्थेच्या दोन शाखा नकोत. दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरा. एप्रिलमध्ये विसरलात तर मधल्या बिलांवर विनाकारण प्रश्न येतात.

खरा खड्डा आहे मध्यस्थीचा. दुबईच्या बायरसाठी इथून माल शोधून देणारा कमिशन एजंट स्वतःला निर्यातदार समजतो, पण जीएसटीच्या कायद्यात मध्यस्थाचं पुरवठा-स्थळ त्याच्याच गावी धरलं गेलं, म्हणजे डॉलरमध्ये कमिशन येऊनही १८ टक्के कर. ती तरतूद काढण्याची शिफारस जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये केली. तुमच्या बिलाच्या तारखेला कायद्यात काय होतं त्यावर सगळं अवलंबून आहे, जुन्या बिलांना नवा नियम गृहीत धरू नका.

मूळगाव

उलट दिशेनेही एक सूचना. अमिरातीतून माल आणणाऱ्यांनी कॅरोटार २०२० (आयात मालाच्या उत्पत्तीबद्दलचे आपल्या कस्टम्सचे नियम) वाचल्याशिवाय सेपाची सवलत मागू नये. सप्टेंबर २०२० पासून आयातदारालाच उत्पत्तीची माहिती आपल्याकडे ठेवावी लागते, त्या नियमांतला फॉर्म एक भरता येईल इतकी, आणि ती पाच वर्षं जपायची. "प्रमाणपत्र आहे ना" एवढ्यावर कस्टम्स थांबत नाही. जबेल अलीच्या फ्री झोनमध्ये आलेला चिनी माल तिथून निघाला म्हणून अमिरातीचा होत नाही, पेटी बदलली तरी नाही.

तसंच तुमचा माल दुबईहून सौदीला जाणार असेल तर सेपाचं प्रमाणपत्र सौदीत चालत नाही. तिथे ड्युटी पूर्ण लागते. बायर दुबईचा आहे एवढं पुरत नाही, माल खपतो कुठे ते विचारा.

नवनिर्यात

पैसे कोणत्या चलनात घ्यावेत? आणि पोस्ट-डेटेड चेकवर माल सोडावा का? बायर म्हणतो की तिकडे चेक बाउन्स झाला की थेट तुरुंग.

वटाव

दुसऱ्याचं उत्तर आधी. ती माहिती जुनी आहे. २ जानेवारी २०२२ पासून खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आलेला चेक हा तिकडे सरसकट फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. चेकधारकाला थेट वसुलीच्या अंमलबजावणीसाठी कोर्टात जाता येतं, ही सोय झाली, पण त्यासाठी तिकडे वकील आणि खर्च आलाच. त्यामुळे नव्या बायरला चेकवर माल नको. काही रक्कम आगाऊ, उरलेली बँकेमार्फत कागदांवर, आणि मूळ बिल ऑफ लेडिंग (ज्यावर माल ताब्यात मिळतो तो जहाज कंपनीचा कागद) बँकेकडेच ठेवा. टेलेक्स रिलीज (मूळ कागदाशिवाय माल सोडण्याची मुभा) पैसे जमा झाल्याशिवाय देऊ नका. रीफर असेल तर बायर घाई करतो, "माल खराब होईल" म्हणतो. म्हणूनच फळांना आगाऊ रक्कम जास्त घ्यायची असते. बायरचा ट्रेड लायसन्स नंबर मागा, तो चालू आहे का आणि त्यावरचा व्यवसाय "खाद्यपदार्थ व्यापार" आहे का ते बघा. परदेशी खरेदीदाराच्या बुडितासाठी ईसीजीसी या सरकारी विमा कंपनीचं संरक्षण माल निघण्याआधी घ्यावं लागतं.

चलन: दिऱ्हाम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर घ्या की दिऱ्हाम, विनिमयाची जोखीम तीच. बँकेचा रूपांतराचा दर तेवढा बघा, दिऱ्हाममध्ये तो बरेचदा जास्त कापला जातो. रुपया-दिऱ्हाममध्ये थेट व्यवहारासाठी १५ जुलै २०२३ ला दोन्ही मध्यवर्ती बँकांत सामंजस्य करार झाला आणि ऑगस्टमध्ये इंडियन ऑइलने अबू धाबीच्या ॲडनॉक या तेल कंपनीला तेलाचे पैसे रुपयात दिले. लहान निर्यातदाराने रुपयात बिल करण्याआधी आपल्या शाखेला विचारावं: व्होस्ट्रो खातं (परदेशी बँकेचं इथलं रुपया खातं) आहे का, पैसे आल्याचा दाखला कसा मिळेल, आणि शिपिंग बिलाची नोंद त्यातून बंद होईल का. ही तिन्ही उत्तरं लेखी घ्या.

आणि तारखांचा मेळ. जानेवारी २०२२ पासून तिथल्या सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुट्टी असते आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम, शारजाहमध्ये शुक्रवारही पूर्ण सुट्टी. कागद आठवड्याच्या शेवटी तिकडच्या बँकेत पोचले तर ते सोमवारपर्यंत लांबू शकतात. रीफर गुरुवारी बंदरात उतरला असेल तर मधल्या दिवसांचं विजेचं आणि जागेचं भाडं कुणी द्यायचं, यावरून भांडण होतं. लोडिंगची तारीख मागे मोजत जाऊन ठरवा.